वाचून न दाखवलेली यादी

माझ्या मुलीच्या यादीतली चारही नावं मी काढून टाकली. तिला विचारलं नाही, नंतर सांगितलंही नाही. ऑफिसात डबा खायची सुट्टी चालली होती, बाहेर ऊन होतं आणि मी पूर्ण शुद्धीवर होतो. हे आधीच लिहून ठेवतो. पुढे कुठे मी स्वतःची बाजू मांडतोय असं वाटलं, तर वाचणाऱ्यानं पुन्हा या ओळींकडे यावं.

मी नेरला एका सरकारी कचेरीत कारकून आहे. माझे वडीलही कारकूनच होते. आमच्या घरी त्यांना सगळे बाबूजी म्हणतात, गावही तेच म्हणतं. आमच्याकडे शेत नाही, दुकान नाही. अक्षर आहे. कोणाला कसलाही फॉर्म भरायचा असला की तो आमच्या ओसरीवर येतो. आधी बाबूजींकडे यायचे, आता माझ्याकडे. कागद जाऊन कॉम्प्युटर आला, पण लोक तेच आणि प्रश्नही तेच. "साहेब, चुकणार तं नाही ना?"

मी नोकरीला लागलो त्या आठवड्यात बाबूजींनी मला एकच गोष्ट शिकवली होती. माणूस अडाणी असो का वकील, त्याच्या नावानं लिहिलेलं त्याला वाचून दाखवल्याबिगर सही घ्यायची नाही. जबाबाच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं, की वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. बरेच कारकून ते वाक्य लिहितात आणि वाचून काही दाखवत नाहीत. बाबूजी दाखवायचे. मागे रांग लागली तरी, समोरचा कंटाळला तरी. मीही दाखवत आलो. मग एकदा नाही दाखवलं.

दोन पावसाळ्यांपूर्वी बाबूजींना लकवा झाला. उजवी बाजू गेली. यवतमाळला दवाखान्यात ठेवलं, मग नागपूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. जीव वाचला, हळूहळू पायही उचलला जाऊ लागला. बोलणं थोडं जड झालं, पण समजायचं. हात मात्र मांडीवर पडून राहायचा, दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा.

तिथं एक मॅडम यायच्या. वय पंचविशीचं असेल. ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मला तो शब्दही तेव्हा धड म्हणता येत नव्हता. वॉर्डात डॉक्टर आले की आम्ही सगळे नातेवाईक स्टुलावरून उठून उभे राहायचो. त्या आल्या की कोणी उठत नसे. पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, "ताई, मालिश किती वेळ चालते?"

त्या हसल्या. "मालिश नाही हो काका. मी यांच्या हाताला काम शिकवते."

माझी मुलगी माझ्या शेजारीच उभी होती. तेव्हा ती बारावीला होती. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुम्हाले लाज नाही वाटली? त्याइले मालिशवाली केलं तुम्ही."

"मले काय माहीत बेटा."

"म्हणून आधी विचारायचं असते."

त्या मॅडम तासभर बसत. कपड्यांचे चिमटे दाबायला लावत, तुरीचे दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायला लावत. शर्टाचं बटण लावायला देत आणि स्वतः हात मागे बांधून बघत राहत. बाबूजी चिडायचे. "हे का लहान पोराचे खेळ लावले?" मॅडम म्हणायच्या, "तुम्ही बटण लावा, मग मी जाते." आणि खरंच लावेपर्यंत जात नसत. माझी मुलगी हे सगळं वहीत उतरवून घ्यायची. डिस्चार्जनंतर घरी तिनंच ते चालू ठेवलं.

मग नोव्हेंबर आला. पेन्शनवाल्यांना दरवर्षी या महिन्यात बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. बाबूजींना मी रिक्षानं घेऊन गेलो. बँकेतला माणूस ओळखीचा होता. त्यानं प्रेमानं शाईचा पॅड पुढं केला. "काही टेन्शन नाही बाबूजी, अंगठा चालते."

बाबूजींनी डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि कोटाच्या खिशात घातला.

"अंगठा?" ते जड जिभेनं म्हणाले. "सारी जिंदगी लोकायचे अंगठे घेतले मी. मी नाही लावत."

मी समजावलं, बँकवाल्यानं समजावलं. ते उठलेच. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. आमच्यासारख्या घरात अंगठा म्हणजे काय, हे बाहेरच्याला कसं सांगू? त्यात काही वाईट नाही हे मलाही कळतं. पण ज्याची सारी ओळख त्याच्या सहीत होती, त्याला ते कसं कळावं?

महिना संपायला तीन आठवडे होते. मुलीनं नागपूरला मॅडमना फोन लावला. मग परातीत रवा पसरला. रोज शाळेतून आली की बाबूजींचं बोट रव्यात फिरवायची. आधी नुसती आडवी रेघ, मग गोल, मग त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर. पेनाला जुन्या बनियनची चिंधी गुंडाळून ते जाड केलं. माझी बायको म्हणायची, "हिची बारावी आहे, आणि ही रव्यात खेळून राह्यली." मनातून मलाही तेच वाटायचं.

तीस तारखेला बँकेत गेलो. बाबूजींनी सही केली. आडनावापर्यंत जाता जाता ओळ खाली घसरली. बँकवाल्यानं जुनी सही काढली, चष्मा कपाळावर सरकवला, दोन्ही कागद शेजारी धरले. मुलगी नखं खात होती.

"जुळते," तो म्हणाला. "थरथरली थोडीशी. पण बाबूजींचीच आहे."

बाबूजींनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. उजवा हात. तो वर नेऊन ठेवायला त्यांना बराच वेळ लागला.

त्या दिवशी घरी येताना ती रिक्षात म्हणाली, "बाबा, मले हेच शिकायचं आहे."

मी हसलो. "डॉक्टर झाली की हेही करता येते."

"नाही येत. डॉक्टर दोन मिनिटं येऊन जातात. त्याइचं कामच तसं असते. मले मॅडमचं काम पाहिजे."

मी तो विषय तिथंच सोडला. अठराव्या वर्षी पोरं काहीही म्हणतात, असं स्वतःला सांगितलं.

खरं कारण वेगळं होतं. मी स्वतः कधीकाळी मेडिकलच्या मागे लागलो होतो. थोडक्यात राहिलं, असं मी लोकांना सांगत आलो. खरं तर थोडक्यात नव्हतंच राहिलं. बाबूजींच्या ओळखीनं कचेरीत लागलो आणि मुलगी झाली तेव्हा मनातल्या मनात ठरवून टाकलं. ती नववीत असल्यापासून मी ऑफिसात सांगत होतो, "आमची मेडिकलले जाणार." शेजारच्या टेबलावरचा माझा सहकारी तर मला हाक मारायचा, "काय डॉक्टरचे बाप! गुडघा पाहून घ्याचा आहे बरं आमचा, पुढं. फी लावान का?" मी म्हणायचो, "ओळखीच्याले फुकट." सगळे हसायचे. ते हसणं मला चहापेक्षा जास्त आवडायचं.

नीटचा निकाल लागला. एमबीबीएसला पुरेसे गुण नव्हते. ती थोडी रडली, मग तोंड धुऊन आली आणि लॅपटॉप उघडून बसली. प्रवेशासाठी कॉलेजांच्या पसंतीक्रमाची यादी भरायची होती. तिनं पहिलं नाव टाकलं नागपूरच्या ऑक्युपेशनल थेरपीचं. दुसऱ्या आणि तिसऱ्या जागी मुंबईची त्याच अभ्यासक्रमाची कॉलेजं. चौथं नाव फिजिओथेरपीचं. यादीचा प्रिंट काढून तिनं प्रत्येक नावापुढे निळ्या पेनानं बरोबरची खूण केली आणि कागद माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवला.

"बाबा, लॉक करायच्या आधी एकदा पाहून घ्या. ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येते. तुमच्याइतकं कोणाले समजते?"

शेवटचा दिवस होता. संध्याकाळी पाचला मुदत संपणार होती. सकाळी ऑफिसात पोचलो तर त्या सहकाऱ्यानं विचारलं, "मग, कोणतं मेडिकल कॉलेज? का पहिल्याच झटक्यात उडाली?" बाकीचे माना वर करून बघायला लागले. मी म्हणालो, "यादी भरून राह्यलो." माझी जीभ थेरपी हा शब्द उच्चारायला तयार होईना.

डब्याच्या सुट्टीत टेबलं रिकामी झाली. मी साइट उघडली. तिची चार नावं समोर होती. एक काढलं. काही झालं नाही, पडद्यावर फक्त ओळ वर सरकली. मग दुसरं, तिसरं, चौथं. त्यांच्या जागी मी एमबीबीएसची नावं भरली. तिचे गुण तिथं पोचत नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच भरली. तिला काहीच मिळू नये, म्हणजे ती पुन्हा वर्षभर अभ्यास करेल आणि पुढच्या वेळी माझं ऑफिसातलं वाक्य खरं होईल, एवढं साधं गणित होतं. ओटीपी आला. मी टाकला. यादी लॉक झाली. नव्या यादीचा प्रिंट काढला आणि तिच्या निळ्या खुणांच्या कागदासोबत जुन्या परिपत्रकांखाली ड्रॉवरमध्ये ठेवला. कागद फाडायचा नाही, ही सवय कारकुनाची. त्या सवयीनंच पुढे मला छळलं.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "झालं का?"

"झालं."

"प्रिंट?"

"ऑफिसात फायलीले लावली."

तिनं पुन्हा विचारलं नाही. बाप फॉर्म भरतो म्हटल्यावर कोण तपासून बघेल? सारं गाव माझ्या भरोशावर झोपतं.

फेरीचा निकाल लागला. तिच्या नावापुढं काहीच नव्हतं. ती बराच वेळ त्या रिकाम्या रकान्याकडे बघत बसली. "फिजिओले पण नाही लागला नंबर," ती म्हणाली. "एवढे खराब मार्क होते का मले?" मी म्हणालो, "यंदा कॉम्पिटिशन जास्त होती." माझ्या तोंडून ते किती सहज निघालं!

दोन दिवसांनी ऑफिसात मी एकटाच असताना नागपूरच्या त्या कॉलेजात लागलेल्यांची यादी उघडून पाहिली. शेवटच्या ज्या मुलाला तिथं जागा मिळाली होती, त्याचे गुण माझ्या मुलीपेक्षा कमी होते. मी खिडकी बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा पाहिलं. त्या दिवसापासून माझी झोप आणि भूक दोन्ही गेली. तरीही मी काही बोललो नाही.

पुढच्या फेऱ्यांतही तीच यादी चालली आणि काही लागलं नाही. ती पुन्हा नीटच्या तयारीसाठी नांदेडला क्लासला गेली. दर रविवारी सकाळी फोन यायचा. आधी लांबलचक बोलायची, मेसच्या भाजीपासून रूममेटच्या घोरण्यापर्यंत. मग बोलणं कमी कमी होत गेलं. मोबाइल वाजला की वाटायचं, तिला कळलं. किंवा त्याहून वाईट काही झालं. वर्तमानपत्रात शिकणाऱ्या पोरांची बातमी दिसली की मी ते पान उलटायचो आणि मग चोरासारखा परत येऊन पूर्ण वाचायचो.

नोव्हेंबरात पुन्हा बाबूजींना बँकेत नेलं. या वेळी त्यांनी एकट्यानं सही केली, ओळही फारशी घसरली नाही. बँकवाला म्हणाला, "वा बाबूजी! आता तं लोन पण काढता येते तुम्हाले."

"नातीनं शिकवलं," बाबूजी अभिमानानं म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "नागपूरले तेच शिकून राह्यली न ती?"

ती नांदेडला आहे हे आम्ही त्यांना सांगितलं होतं. ते विसरायचे, किंवा त्यांना विसरायचं असायचं. मी म्हणालो, "हो." बँकेत, चार माणसांसमोर, माझ्या बापाशी आणखी एक खोटं.

जानेवारीत ती फोनवर म्हणाली, "बाबा, टेस्टमध्ये गोल काळे करताना माझा हात थरथरते. एवढंसं काम, अन् होत नाही. गंमत आहे ना? मीच आजोबाले शिकवत होती." ती हसली. मी म्हणालो, "जोर लाव. यंदा होऊन जाते." फोन ठेवला आणि मोरीत जाऊन नळ सोडून बसलो.

मार्चमध्ये एका तांड्यावरचा माणूस मुलीला घेऊन ओसरीवर आला. तो शेती करणारा, डोक्याला मुंडासं, पायात प्लास्टिकच्या चपला. मुलगी शाळेच्या ड्रेसमध्ये, दोन वेण्या घातलेली. तिला नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. मी तिचे दहावीचे गुण पाहिले आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "पोरगी हुशार आहे. डॉक्टरचं काहून नाही पाहत?"

तो म्हणाला, "मले काय विचारता साहेब? मी तं फक्त एसटीचं तिकीट काढलं. छोरीले विचारा."

मुलगी म्हणाली, "मले नर्सिंगच पाहिजे. माझी याडी अडली होती भावाच्या वेळी." याडी म्हणजे आई, त्यांच्या बोलीत. "उपकेंद्रातल्या सिस्टरनंच दोघाइले वाचवलं. मी दारात उभी होती."

मी फॉर्म भरला. ती म्हणेल ते शहर, ती म्हणेल तो क्रम. माझ्या मुलीच्या यादीनंतर वाचून दाखवणं मी टाळायला लागलो होतो. शेवटचं बटण दाबणार, तेवढ्यात तो म्हणाला, "थांबा. वाचून दाखवा."

"बरोबर भरला आहे, भाऊ. मी रोज भरतो."

"मले वाचता येत नाही म्हणून नाही म्हणत. तिले येते, तरी तिले वाचून दाखवा. कागद तिचा आहे." मग जरा नरम आवाजात म्हणाला, "तुमचे बाबूजी दाखवत होते. माझ्या बापाचं काम केलं तेव्हा दोनदा वाचला होता कागद. बाप घरी येऊन सांगे, सरकारी माणसानं आपल्याले विचारलं म्हणून."

मी वाचायला सुरुवात केली. नाव, गाव, जन्मतारीख. ती मुलगी प्रत्येक ओळीला मान हलवत होती. पसंतीच्या रकान्याशी आलो आणि थांबलो. पाणी प्यायलो. पुन्हा सुरू केलं. ओसरीच्या टोकाला खाटेवर बाबूजी बसले होते आणि माझ्याकडेच बघत होते.

ते दोघं गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी जळली, तिनं ती काढलीही नाही.

"तिनं मले किती वेळा विचारलं," ती म्हणाली, "आई, मी मंद आहे का? आणि तुम्ही बाजूले बसून चहा पीत होते."

मी म्हणालो, "दोन महिन्यांवर परीक्षा आहे. आता सांगितलं तर कोसळून जाईन ती. परीक्षा झाल्यावर..."

"परीक्षेचं नाव मले नका सांगू. ती रोजच सोताले नापास करून राह्यली. तुम्हाले तिची भीती नाही वाटत, सोताची वाटते." तिनं गॅस बंद केला. "उद्या जा."

"तू येते का?"

"मी कायले येऊ? मी केलं का?"

स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. बाबूजींनी सगळं ऐकलं असणार. त्याच दिवशी ऑफिसात जाऊन मी ड्रॉवरमधले दोन्ही कागद काढून आणले. सकाळी मी पिशवी घेऊन निघालो, तेव्हा खाटेवरून त्यांचा जड आवाज आला.

"दोन्ही कागद घेतले?"

"घेतले."

"वाचून दाखवजो."

नेरहून यवतमाळ, यवतमाळहून उमरखेडमार्गे नांदेड. सहा-सात तास मी मनात वाक्यं जुळवत होतो. पहिलं वाक्य जमलं की दुसरं त्याला खोटं पाडायचं. शेतांच्या बांधांवर कपाशीच्या पऱ्हाट्यांचे ढीग वाळत पडले होते. आर्णीजवळ गाडी काही वेळ थांबली तेव्हा मला चक्क बरं वाटलं. बिघडावी, रात्र व्हावी, होस्टेलची भेटीची वेळ टळावी. गाडी बिघडली नव्हती, ड्रायव्हर पाणी प्यायला उतरला होता. उमरखेडच्या स्टँडवर ढाणकीची गाडी समोर लागलेली होती. तिकडे माझा एक चुलतभाऊ राहतो. वाटलं, तिच्यात बसावं, त्याच्याकडे जेवावं आणि उद्या घरी सांगावं की भेट झाली नाही. खरंच उठून उभा राहिलो होतो. मांडीवरची पिशवी खाली पडली आणि त्यातून निळ्या खुणांचा कागद अर्धा बाहेर आला. तो उचलला आणि परत बसलो.

होस्टेलमध्ये पुरुषांना आत जाऊ देत नाहीत. पाण्याच्या टाकीजवळ एक सिमेंटचा बाक होता, तिथं बसवलं. ती आली ती हातात पुस्तक घेऊनच. गालाची हाडं दिसायला लागली होती.

"आजोबा बरे आहेत ना?" तिनं आधी हेच विचारलं.

"बरे आहेत. सगळे बरे आहेत. बस."

ती बसली. "मग आले कसे मधातच? चार वाजता टेस्ट आहे माझी."

जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. मी पिशवीतून दोन्ही कागद काढले. आपल्या निळ्या खुणा तिनं लगेच ओळखल्या.

"हा तं माझा प्रिंट आहे."

"हो. मी वाचून दाखवतो. मधात बोलू नको, नाही तं माझ्यानं होणार नाही."

मी तिची यादी वाचली. नागपूर. मुंबईची दोन. मग फिजिओथेरपीचं चौथं. कागद खाली ठेवला आणि दुसरा उचलला. लॉक झालेली यादी, तारीख, वेळ, तिचं नाव आणि खाली मी भरलेली एक एक जागा. वाचताना मी वर पाहिलं नाही.

"पुन्हा वाचा," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. दोन्ही कागद, पहिल्या ओळीपासून.

"हे कोणी भरलं?"

"मी."

"ओटीपी टाकला तेव्हा चूक झाली का? साइट हँग झाली का?"

ती मला वाट काढून देत होती. अजूनही.

"नाही. मी समजून उमजून केलं."

तिनं अगदी हळू विचारलं, "मले लागलं असतं?"

"नागपूर. पहिल्याच फेरीत. मी तपासलं होतं."

"कधी?"

"निकालानंतर दोन दिवसांनी."

तिनं आपला उजवा हात पुस्तकावर पसरला आणि त्याकडे पाहिलं, जणू तोही कुणा पेशंटचा आहे. "म्हणजे तुम्हाले माहीत होतं. जानेवारीत मी फोन केला तेव्हा. हात थरथरते म्हटलं तेव्हाही."

"हो."

"आणि तुम्ही म्हणाले, जोर लाव."

"हो."

वरच्या खिडकीतून एका मुलीनं तिला हाक मारली, टेस्टची वेळ झाली म्हणून. ती उठली. दोन्ही कागद तिनं घडी करून पुस्तकात ठेवले. दाराकडे निघाली, दोन पावलांवर थांबली, पण वळली नाही. ओटीपीचा नंबर बदलून तिचा लावायचा, यंदाच्या यादीला मी हातही लावणार नाही, हे सगळं नंतर सांगता आलं असतं. त्या वेळी मी तिच्या पाठीशीच बोललो, कारण ती गेली असती तर माझ्यानं ते पुन्हा कधी झालं नसतं.

"बेटा, तू कमी पडली नव्हती. तुझे मार्क पुरले होते. कमी मी पडलो. ऑफिसात चार माणसं हसतीन म्हणून मी तुझी यादी बदलली, अन् वर्षभर तुले वाटू दिलं का तूच हरली. तू निवडलं ते काम लहान नाही, त्या कामानं माझ्या बापाची सही परत आणली, हे मी डोळ्यानं पाहिलं होतं. तरी केलं. माझं चुकलं. मी तुझी माफी मागतो."